पक्षीदर्शनाची फेरी आणि गावचा वाटाड्या

अरण्याच्या काठी राहणाऱ्या शेतकरी कुटुंबास अरण्यापासून सरपण, गवत, बांबू, मध, हिरडा, शिकेकाई अशा अनेक वस्तू पूर्वापार मिळत आल्या आहेत. या सर्व वस्तू अरण्यातून उचलून आणाव्या लागतात. त्यामुळे घेणाऱ्यांची संख्या वाढली की अरण्य थोडे थोडे उणे होत जाते, हा सर्वांचा अनुभव आहे. गेल्या काही दशकांत मात्र अरण्यातून काहीही बाहेर न आणता उत्पन्न देणारा एक व्यवसाय पुढे आला आहे. शहरांतून व परदेशांतून येणाऱ्या पाहुण्यांस पहाटे अरण्यात घेऊन जाणे, तेथील पक्षी त्यांना दाखविणे व सुखरूप परत आणणे, हा तो व्यवसाय होय. यात वाटाड्याचे भांडवल म्हणजे त्याचे डोळे, त्याचे कान आणि लहानपणापासून त्यास असलेली अरण्याची ओळख.

हे काम वरवर सोपे दिसते, पण ते तसे नाही. ज्या पक्ष्यांमुळे पाहुणे गावात येतात, त्याच पक्ष्यांस पाहुण्यांच्या गर्दीने अपाय होऊ शकतो. पक्षी गेले म्हणजे पाहुणे गेले आणि त्यांच्यामागे गावचे उत्पन्नही गेले. यास्तव हा व्यवसाय शिस्तीने चालविला तरच टिकतो. केरळ राज्यातील पेरियार व तट्टेकाड येथील अरण्यांत हे काम अनेक वर्षे चालू आहे. तेथील व्यवस्था कशी उभी राहिली, पक्षीदर्शनाची फेरी कशी काढतात, कोणती पथ्ये पाळावी लागतात आणि आपल्या सह्याद्रीतील गावांस त्यातून काय घेता येईल, याची माहिती या लेखात दिली आहे.

सदाहरित अरण्यात वाटाड्या का लागतो

ज्या प्रदेशात पाऊस विपुल पडतो व उष्णता वर्षभर राहते, तेथे पानगळ न होणारी घनदाट अरण्ये वाढतात. त्यांस सदाहरित वने किंवा पर्जन्यवने म्हणतात. या अरण्याचे अनेक मजले असतात. सर्वांत वर उंच वृक्षांचे शेंडे, त्याखाली मध्यम उंचीची झाडे, त्याखाली वेत, वेली व झुडुपे आणि अगदी तळाशी कुजणाऱ्या पाचोळ्याचा थर. प्रत्येक मजल्यावर निरनिराळे पक्षी राहतात. धनेश, हरियल व डोंगरी मैना शेंड्यांवरील फळे खातात. मधल्या अंधाऱ्या फांद्यांवर लाल छातीचा कर्णा निश्चल बसून राहतो. खाली पाचोळ्यात नवरंग व कस्तूर किडे शोधीत असतात.

उघड्या माळावर किंवा तळ्याच्या काठी पक्षी सहज दिसतात. सदाहरित अरण्यात मात्र नवख्या माणसास तासभर हिंडूनही एखादा पक्षी दिसत नाही. पानांच्या दाटीत पक्षी झाकला जातो व प्रकाशही अपुरा असतो. येथे पक्षी प्रथम कानाने ओळखावा लागतो. शिवाय अनेक जातींचे पक्षी एकत्र थवा करून हिंडतात. भृंगराज, निखार, सुतार, शिलींध्री व सातभाईच्या जातीचे पक्षी एकाच थव्यात असतात. एक पक्षी पाने हलवितो, त्यामुळे उडालेले किडे दुसरा टिपतो, आणि शिकारी पक्षी आल्यास कोणीतरी सर्वांना सावध करतो. असा थवा जवळून गेला की दहा मिनिटांत दहा-बारा जाती दिसतात. त्यानंतर पुन्हा बराच वेळ सारे शांत होते. थवा कोणत्या बाजूने येत आहे हे भृंगराजाच्या आवाजावरून ओळखणारा माणूस बरोबर असल्यास पाहुण्याची सकाळ सार्थकी लागते. हे ज्ञान पुस्तकातून थोडे व अरण्यात वावरून पुष्कळ मिळते, आणि म्हणूनच या कामी स्थानिक माणसाची बरोबरी बाहेरचा माणूस करू शकत नाही.

पेरियारचा अनुभव

केरळच्या पूर्व सीमेवर, तेक्कडी व कुमळी या गावांजवळ पेरियारचे अरण्य आहे. तेथे १८९५ मध्ये पेरियार नदीवर धरण पुरे झाले व डोंगरांच्या मध्यभागी विस्तीर्ण जलाशय निर्माण झाला. या जलाशयाचे पाणी बोगद्यातून तमिळनाडूच्या बाजूस वळविले असून मदुरैकडील कोरड्या भागातील शेतीस ते मिळते. अर्थात वरचे अरण्य राखण्यात खालच्या शेतकऱ्याचेही हित आहे. १९३४ मध्ये त्रावणकोर संस्थानने येथील अरण्य राखीव केले. १९५० मध्ये पेरियार अभयारण्य झाले व १९७८ मध्ये त्याचा व्याघ्र प्रकल्पात समावेश झाला. आज या व्याघ्र राखीव क्षेत्राचे क्षेत्रफळ ९२५ चौरस किलोमीटर असून तेथे तीनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झाली आहे.

अरण्य राखीव झाले तरी काठावरील लोकांच्या गरजा संपल्या नाहीत. काही लोक चोरून अरण्यात शिरत व रानदालचिनीच्या झाडांची साल काढून विकीत. साल सोलल्यावर ते झाड मरते. वनरक्षकांनी पकडले की खटले होत, दंड होई, आणि सुटून आल्यावर पोटासाठी पुन्हा तोच धंदा चाले. लाकूडतोड व शिकारही होत असे. केवळ पहाऱ्याने हा प्रश्न सुटण्यासारखा नव्हता.

१९९६ मध्ये केंद्र शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने देशातील काही निवडक संरक्षित क्षेत्रांत परिसर विकासाची योजना सुरू केली. पेरियार हे त्यांपैकी एक होते. या योजनेखाली काठावरील वस्त्यांत समित्या स्थापन झाल्या. साल काढणाऱ्या लोकांशीही वनाधिकाऱ्यांनी बोलणी केली. त्यांच्यावरील जुने खटले मागे घेण्याची तयारी दाखविण्यात आली आणि त्याच्या बदल्यात त्यांनी चोरी सोडून अरण्याची राखण करावी व पाहुण्यांस पायी फिरवून आणावे, असे ठरले. चोरवाटा, पाणवठे, जनावरांच्या जागा यांची खडान्‌खडा माहिती असलेली हीच माणसे अरण्याची उत्तम राखणदार ठरली. आपले पूर्वीचे साथीदार कोठून येतील हे त्यांना ठाऊक होतेच.

याच परिसरातील मन्नान व पळियान या आदिवासी समाजांतील तरुणही वाटाड्ये म्हणून काम करू लागले. हे लोक मिऱ्याची लागवड करतात. पूर्वी त्यांचे पीक वेलीवर असतानाच व्यापाऱ्यांच्या कर्जात अडकलेले असे. समित्यांच्या मदतीने ते कर्ज फेडून माल स्वतः विकण्याची सोय झाली. केवळ वाटाड्याचे काम देऊन न थांबता शेतीतील अडवणूकही दूर केली, हा पेरियारच्या योजनेचा विशेष होय. २००२ पासून तर तेथील स्त्रियांनी ‘वसंतसेना’ या नावाने गट करून चंदनाच्या झाडांची राखण विनामोबदला सुरू केली.

२००४ मध्ये योजनेची मुदत संपली. अशा वेळी बहुतेक ठिकाणी कामे बंद पडतात. येथे मात्र राज्य शासनाने पेरियार प्रतिष्ठान ही संस्था उभारून पाहुण्यांच्या शुल्कावरील अधिभारातून समित्यांच्या कामास आधार दिला. त्यामुळे बाहेरचा निधी थांबला तरी काम चालू राहिले.

तट्टेकाड

पेरियार नदी डोंगरातून खाली उतरते, तेथे एर्नाकुलम जिल्ह्यात कोतमंगलम गावाजवळ तट्टेकाडचे पक्षी अभयारण्य आहे. त्याचा विस्तार अवघा २५ चौरस किलोमीटर आहे. मुंबई येथे १८९६ मध्ये जन्मलेले थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांनी १९३३ मध्ये त्रावणकोर-कोचीन भागातील पक्ष्यांची पाहणी केली. त्या वेळी या जागेतील पक्ष्यांची विपुलता त्यांच्या ध्यानी आली. पुढे १९८३ मध्ये येथे अभयारण्य झाले व त्यास त्यांचेच नाव देण्यात आले.

तट्टेकाडच्या आसपास रबर, नारळ, केळी व मिऱ्याच्या बागा आहेत. येथील काही शेतकरी कुटुंबे पाहुण्यांस घरीच उतरवून घेतात, जेवण देतात व पहाटे फेरीस नेतात. येथे विशेष करून बेडूकमुखी हा पक्षी पाहण्यास लोक येतात. बेडकासारख्या रुंद तोंडाचा, वाळलेल्या पानाच्या रंगाचा हा पक्षी रात्री किडे पकडतो व दिवसभर झुडुपात डोळे मिटून बसतो. चार हातांवरूनही तो वाळक्या पानासारखा दिसतो. त्याची रोजची बसण्याची जागा ठाऊक असलेला वाटाड्याच तो दाखवू शकतो. ही जागा दाखवितानाही दूर उभे राहून, न बोलता, थोडा वेळ पाहून मागे फिरावे लागते. एकदा उडविलेला पक्षी दुसरे दिवशी तेथे सापडेलच असे नाही.

फेरी कशी काढावी

पक्षीदर्शनाची उत्तम वेळ उजाडल्यापासून पहिले तीन तास होय. दुपारी पक्षी स्वस्थ बसतात. सायंकाळी पुन्हा दोन तास हालचाल असते. यास्तव उजाडण्यापूर्वीच पाहुण्यांस फाटकापाशी एकत्र करावे. अभयारण्यात जाण्यास वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे परवानगी लागते. परवाना व नोंदवहीतील नोंद पाहिल्याशिवाय कोणासही आत नेऊ नये.

एका वाटाड्याबरोबर सहाहून अधिक माणसे नसावीत. याहून मोठा गट झाला की मागचा माणूस पोहोचेपर्यंत पक्षी उडून जातो व बोलण्याचा आवाजही वाढतो. निघण्यापूर्वी पाच मिनिटे पुढील गोष्टी समजावून सांगाव्यात.

कपडे पाचोळ्याच्या किंवा हिरवट रंगाचे असावेत. पांढरे, लाल व भडक कपडे नकोत. अत्तर लावू नये, धूम्रपान करू नये. भ्रमणध्वनीचा आवाज बंद ठेवावा. वाटाड्याच्या पुढे कोणी जाऊ नये. पावसाळ्यात व त्यानंतर काही दिवस जळवा असतात. त्यासाठी पायांत गुडघ्यापर्यंत येणारे जाड कापडी मोजे घालावेत. जळू चिकटल्यास घाबरून ओढू नये. नखाने तिचे तोंड हळूच सोडवावे व जखम धुवावी. जळवेच्या लाळेमुळे रक्त लवकर गोठत नाही, म्हणून ते काही वेळ वाहते. त्यात भिण्याचे कारण नाही.

दुर्बिणीवर ‘८ × ४२’ असे आकडे असतात. पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसते हे सांगतो व दुसरा पुढील भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये दाखवितो. अंधाऱ्या अरण्यात भिंग मोठे असलेली दुर्बीण चांगली, कारण तीत प्रकाश अधिक येतो. दहापटीची दुर्बीण हातात अधिक हलते, म्हणून नवख्यास आठपटीची द्यावी. पक्ष्यावरची नजर न हलविता दुर्बीण डोळ्यांपाशी आणण्याचा सराव प्रथम उघड्या जागी करून घ्यावा.

पक्षी दाखविताना हात झटकन उंचावू नये. त्याने पक्षी बिचकतो. झाड हे घड्याळाची तबकडी आहे असे मानून ‘समोरच्या जाड खोडावर, दोनच्या काट्याला, वाळक्या फांदीच्या टोकाशी’ असे हळू आवाजात सांगावे. पक्ष्याच्या अंगावर लेसरचा झोत टाकू नये.

फळांनी लदलेले वडाचे किंवा उंबराचे झाड आढळल्यास पुढे जाण्याची घाई करू नये. थोडे दूर बसून अर्धा तास वाट पाहावी. कुटुर्गा, हरियल, मैना, धनेश असे पक्षी एकामागून एक येतात. चालत्या पावली एवढे पक्षी क्वचितच पाहावयास मिळतात.

हत्ती किंवा गवा असलेल्या अरण्यात सुरक्षिततेची जबाबदारी सर्वस्वी वाटाड्याची असते. ताजी लीद, नुकताच मोडलेला बांबू, मातीतील ओला ठसा किंवा विशिष्ट वास जाणवताच थांबावे व परत फिरावे. पाहुण्याने कितीही आग्रह केला तरी परत फिरण्याचा वाटाड्याचा निर्णय अखेरचा मानला जाईल, हे निघतानाच स्पष्ट सांगावे. फेरीच्या शेवटी दिसलेल्या पक्ष्यांची यादी सर्वांनी मिळून करावी व ती तारखेसह वहीत उतरवावी. वर्षानुवर्षांच्या अशा नोंदींवरून कोणता पक्षी वाढला, कोणता घटला व कोणता उशिरा आला हे समजते.

धनेशाचे मोल

पश्चिम घाटातील पाहुण्यास सर्वाधिक ओढ असते ती धनेशाची. कोकणात त्यास काही ठिकाणी गरुड किंवा ककणेर असेही म्हणतात. त्यांतील महाधनेश तीन ते चार फूट लांब व सुमारे तीन किलोग्रॅम वजनाचा असतो. तो उडताना पंखांचा असा घोष होतो की, पक्षी दिसण्यापूर्वीच त्याची चाहूल लागते.

धनेश केवळ शोभेचा पक्षी नव्हे. तो वड, पिंपळ, उंबर यांची तसेच रानजायफळासारखी मोठ्या बियांची फळे खातो. मोठी बी लहान पक्ष्यास गिळता येत नाही. धनेश ती गिळतो, कित्येक किलोमीटर दूर जातो व गर पचल्यावर बी सुस्थितीत बाहेर टाकतो. मूळ झाडाच्या सावलीपासून दूर पडल्याने ती रुजण्याचा संभव वाढतो. शेतकरी जसा निवडक बी दूरच्या वाफ्यात टाकतो, तसेच हे काम आहे. धनेश नाहीसा झाला तर ज्या झाडांच्या बिया तो नेतो, ती झाडे पुढील काळात विरळ होत जातात.

त्याची वीण मात्र फार नाजूक असते. उन्हाळ्याच्या सुमारास मादी जुन्या, मोठ्या वृक्षाच्या ढोलीत शिरते व विष्ठा आणि लाकडाचा भुसा यांनी तोंड लिंपून घेते. केवळ एक अरुंद फट राहते. सुमारे ४० दिवस ती अंडी उबविते व पिल्लू बाहेर आल्यावरही काही आठवडे आतच राहते. या काळात तिची उडण्याची पिसे झडतात व नवी येतात. नर दिवसभर फेऱ्या घालून त्या फटीतून तिला व पिल्लास फळे भरवितो. महाधनेशाच्या बाबतीत हा सारा काळ चार महिन्यांच्या आसपास असतो व बहुधा एकच पिल्लू वाढते.

घरट्याजवळची कसोटी

वाटाड्याची खरी कसोटी येथेच लागते. पाहुणा दुरून आलेला असतो. त्याच्यापाशी किमती कॅमेरा असतो. घरट्याजवळ नेल्यास ठरलेल्या शुल्काच्या अनेकपट रक्कम देण्याची त्याची तयारी असते. घरी खताची उधारी बाकी असलेल्या तरुणास ती रक्कम नाकारणे सोपे नाही. तरीही ती नाकारणे त्याच्याच हिताचे कसे आहे, हे समजून घेतले पाहिजे.

माणसे झाडाखाली उभी असली म्हणजे चोचीत फळे घेऊन आलेला नर दूरच्या फांदीवर थांबून राहतो व कित्येकदा न भरविताच निघून जातो. असे रोज घडल्यास आतील मादी व पिल्लू उपाशी राहतात. मादी बाहेर येऊन उडू शकत नाही, कारण तिची पिसे झडलेली असतात. धनेशाची जोडी बहुधा वर्षानुवर्षे त्याच ढोलीचा उपयोग करते. परंतु उपद्रव झाल्यास ती जागा सोडून जाते आणि तशी दुसरी ढोली जवळपास मिळेलच असे नाही. म्हणजे एका सकाळच्या कमाईपायी पुढील अनेक वर्षांची कमाई बुडते. शेतकऱ्याच्या भाषेत हे बियाणे विकून खाण्यासारखे आहे.

दुसरा मोह ध्वनिमुद्रित आवाजाचा. पक्ष्याचा आवाज यंत्रावर वाजविला की त्या जातीचा नर आपल्या हद्दीत परका शिरला असे समजून धावून येतो व पाहुण्यास सहज दिसतो. परंतु तेवढा वेळ तो चारा शोधणे व पिल्लांची राखण करणे सोडून देतो. दिवसातून चार गटांनी असे केले तर त्याची शक्ती व्यर्थ खर्च होते. वाटाड्याने हे साधन मुळीच वापरू नये.

तिसरी चूक घरट्यापुढील फांद्या छाटण्याची. छायाचित्र स्वच्छ यावे म्हणून केलेल्या छाटणीने घरटे कावळ्यांस व शिकारी पक्ष्यांस उघडे पडते आणि पिल्लांवर ऊन-पाऊस येतो. आपल्याकडे पावसाळ्यात तिबोटी खंड्या व नवरंग यांच्या घरट्यांभोवती छायाचित्रकारांची गर्दी होऊ लागली आहे. ही गोष्ट चिंतेची आहे. वन्य पक्ष्याच्या घरट्यास किंवा अंड्यांस अपाय करणे हा कायद्याने गुन्हा आहे, हेही लोकांस सांगावे.

म्हणून प्रत्येक गावाने असा नियम करावा की, विणीच्या काळात चालू घरट्याची जागा कोणासही सांगावयाची नाही. धनेश पाहावयाचाच असल्यास तो फळझाडावर किंवा संध्याकाळी रात्रमुक्कामास जाताना दुरून पाहावा. त्यात पाहुण्याचे समाधान होते व पक्ष्यासही उपद्रव होत नाही.

समिती, पाळी व हिशेब

घरट्याजवळचा मोह टाळणे एकट्या माणसास जड जाते, पण गावाच्या नियमाचा आधार असल्यास ते सोपे होते. म्हणून वाटाड्यांनी स्वतंत्रपणे पाहुणे गाठण्याऐवजी समितीमार्फत काम करावे. पाहुणे एका ठिकाणी नोंदवावेत, शुल्क फलकावर लिहावे, पावती द्यावी व वाटाड्यांची पाळी ठरवावी. पाळी नसेल तर चतुर मनुष्य सर्व पाहुणे घेतो, बाकीचे रिकामे राहतात व गावात तेढ पडते.

शुल्काचा मोठा भाग वाटाड्यास व उरलेला सामायिक निधीस मिळावा. ज्या कुटुंबांतून कोणी वाटाड्या नाही, पण ज्यांच्या पिकाचे रानडुकरे व माकडे नुकसान करतात, त्यांनाही या निधीतून कुंपण, पाणी किंवा अन्य सोय मिळाली पाहिजे. अन्यथा अरण्याचा त्रास एकास व लाभ दुसऱ्यास अशी स्थिती होते, आणि ज्यास केवळ त्रास आहे तो राखणीत मनापासून भाग घेत नाही. हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवावा. नियम मोडणाऱ्या वाटाड्याची पाळी काही काळ बंद करण्याचा अधिकार समितीस असावा.

हा व्यवसाय शेतीस पूरक समजावा. तो शेतीची जागा घेऊ शकत नाही. पाहुण्यांचा हंगाम ठरावीक असतो. सन २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे पाहुण्यांची ये-जा एकाएकी थांबली, तेव्हा केवळ पर्यटनावर विसंबलेल्यांचे फार हाल झाले. ज्यांनी शेती, गाई-म्हशी व बाग राखली होती, त्यांना निदान तेवढा आधार उरला.

सह्याद्रीतील गावांसाठी

पेरियारचे अरण्य व आपला सह्याद्री हे एकाच पर्वतरांगेचे भाग आहेत. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत पेरियारप्रमाणेच महाराष्ट्रातील कोयना, चांदोली, राधानगरी व कास यांचाही समावेश आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली व तिलारीचा परिसर, तसेच गोव्यातील मोले व बोंडला येथील अरण्येही पक्ष्यांनी समृद्ध आहेत. नवरंग पक्षी तर दोन्ही प्रदेशांचा रहिवासी आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी तो कोकणात येऊन वीण करतो व हिवाळा केरळ-तमिळनाडूच्या रानांत घालवितो. पहाटे व संध्याकाळी ठरावीक वेळी तो ओरडतो, म्हणून तमिळ भाषेत त्यास सहा वाजताचा पक्षी अशा अर्थाचे नाव आहे. एका टोकाच्या शेतकऱ्याने रान राखले नाही, तर दुसऱ्या टोकाच्या शेतकऱ्याचा पक्षी परत येणार नाही.

कोकणातील एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. येथे धनेशाची पुष्कळ घरटी शासकीय वनांत नसून देवरायांत व शेतकऱ्यांच्या खासगी जमिनींतील जुन्या वृक्षांवर आहेत. जुना, पोकळ वृक्ष इमारती लाकडास निरुपयोगी म्हणून सरपणासाठी तोडला जातो. पण धनेशास नेमकी तशीच ढोली लागते. ती तयार होण्यास कित्येक दशके लागतात. म्हणून बांधावरील व बागेतील पोकळ वृक्ष शक्य तोवर राखावेत. वड, पिंपळ, उंबर, काजरा, भेर्ली माड ही झाडे निरुपयोगी समजून काढू नयेत. ती धनेशाची कोठारे आहेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील क्रमाने काम करावे. प्रथम गावातील गुराखी, मध काढणारे व वृद्ध स्त्री-पुरुष यांच्याकडून पक्ष्यांची स्थानिक नावे, त्यांच्या येण्याजाण्याचे दिवस व फळझाडे फुलण्याची वेळ टिपून घ्यावी. नंतर वनाधिकाऱ्यांशी विचारविनिमय करून फेरीच्या वाटा व निषिद्ध जागा ठरवाव्यात. त्यानंतर चार-सहा इच्छुक तरुण-तरुणी निवडून वर्षभर, म्हणजे सर्व ऋतूंत, नोंदी ठेवण्याचा सराव द्यावा. मुलींना या कामातून वगळू नये. पाहुण्यांस बोलावण्याची पायरी सर्वांत शेवटची आहे. पुष्कळ ठिकाणी प्रथम फलक लागतो, निवाऱ्यासाठी झाडे तुटतात आणि पक्ष्यांची ओळख मागाहून सुरू होते. हा उलटा क्रम टाळावा.

गावाची तयारी झाली किंवा नाही, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. विणीच्या हंगामात एखाद्या श्रीमंत पाहुण्याने घरट्याची जागा विचारली असता गावातील लहान मुलगासुद्धा ती सांगत नसेल, तर त्या गावाने हा व्यवसाय सुरू करण्यास हरकत नाही.